वय ४७, एफएसएच आधी ५२ आणि दोन महिन्यांनी ११. पाळी गेली म्हणायची की नाही?

करवीर_आरोग्यसखी

करवीर तालुक्यातल्या तीन गावांत बचत गटांच्या बायकांसाठी पाळी जाण्याच्या वयावर सत्र घ्यायचं आहे, नवरात्राच्या आधी. त्यासाठी दोन पानी पत्रक तयार करते आहे. पुस्तकी व्याख्या माझ्याकडे आहेत. अडतं ते बायका हातात रिपोर्ट घेऊन उभ्या राहतात तिथं.

नमुन्याचा एक रिपोर्ट देते, नाव-गाव काढून. वय ४७. तीन महिने पाळी नाही. एफएसएच (अंडाशयाला बीज वाढवायला लावणारं हार्मोन) ५२, इस्ट्राडिओल (मुख्य एस्ट्रोजेन) १८. डॉक्टरांनी "पाळी जायची वेळ आली" असं सांगितलं. त्यानंतर दणकून पाळी आली, नऊ दिवस अंगावरून गेलं, गाठी पडल्या. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये एफएसएच ११ आणि इस्ट्राडिओल १९०. घरच्यांचं म्हणणं, पहिल्या लॅबनं चुकवलं.

यातला खरा रिपोर्ट कुठला? आणि हार्मोन कमी होतात असं आपण सांगतो, तर मग याच वयात रक्तस्राव वाढतो कसा? हा प्रश्न दर सत्रात येतो आणि त्याचं सरळ उत्तर पत्रकात हवं आहे.

बाकीचे विषय थोडक्यात: गरम वाफा किती वर्षं चालतात आणि औषध कधी लागतं, नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या या वयात चालतात का, पिशवी काढलेल्या बाईला पाळी गेल्याचं कळणार कशावरून, आणि हाडांसाठी भाकरी-दूध पुरतं का. ज्याला जे नीट माहीत आहे त्यानं त्यावर लिहावं, ही विनंती. कारण आणि आकडा दोन्ही हवेत, "तज्ज्ञांचा सल्ला घ्या" एवढंच नको.

स्त्रीरोग_ओपीडी

ताई, दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. लॅबला दोष देऊ नका.

अंडाशयातली बीजं संपत आली की तिथून निघणारं इनहिबिन बी हे हार्मोन सगळ्यात आधी घटतं. त्याचं काम मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला लगाम घालण्याचं. लगाम सुटला की पिट्युटरी एफएसएच जास्त सोडते. गावात समजावायचं तर विहिरीची मोटर सांगा. पाणी खाली गेलं की मोटर जास्त वेळ चालवावी लागते, आणि मध्येच एखादा झरा फुटला की विहीर दोन दिवसांत वर येते, मोटर बंद. एफएसएच म्हणजे मोटर, इस्ट्राडिओल म्हणजे पाणी. पहिला रिपोर्ट झरा आटला होता त्या आठवड्यातला, दुसरा झरा फुटल्यावरचा. पाळी जाण्याआधीची दोन ते आठ वर्षं हे असंच वर-खाली चालतं. त्यामुळे या काळातला एका दिवसाचा एफएसएच पुढच्या महिन्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता रक्तस्राव. "हार्मोन कमी होतात" हे वाक्य पत्रकातून काढा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र कमी होत नाहीत. आधी प्रोजेस्टेरॉन जातं. बीज फुटलं तरच प्रोजेस्टेरॉन तयार होतं, आणि या वयात कित्येक महिन्यांत बीज फुटतच नाही. एस्ट्रोजेन मात्र चालू असतं, कधी कधी तर पंचविशीत असायचं त्याहून जास्त. एस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन ते आवरतं. आवरणारं गेलं, वाढवणारं राहिलं. तीन महिने अस्तर साठत जातं आणि मग एकदम सुटतं. तुमच्या नमुन्यातल्या बाईचे नऊ दिवस आणि गाठी त्याच्याच.

पाळी गेली असं म्हणायला सलग १२ महिने पाळी नाही, एवढीच कसोटी. ती मागे वळून बघूनच कळते. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईत त्यासाठी एफएसएच तपासायची गरज नाही. तारखा आणि लक्षणं पुरतात. चाळिशीच्या आत चार महिने पाळी चुकली तर मात्र तपासलाच पाहिजे. तिथं एफएसएच २५ च्या वर आला तर अंडाशय अकाली थकल्याची शक्यता असते, शंका असेल तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा करायचा. ४० ते ४५ मध्येही तपासून घेतलेलं बरं.

४७ व्या वर्षी तीन महिने पाळी नाही तर पहिली तपासणी लघवीची गर्भचाचणी. हे पत्रकात ठळक छापा, बायका लाजून विचारत नाहीत. झरा फुटतो तेव्हा बीजही फुटू शकतं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं. त्यानंतर थायरॉईडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). थायरॉईड कमी असला तरी वजन वाढतं, थकवा येतो, पाळी बिघडते, आणि सगळं "वयामुळे" म्हणून खपून जातं.

कुठल्या रक्तस्रावाला थांबायचं नाही ते नीट लिहा. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, तर त्याच दिवशी दवाखाना. सात दिवसांपेक्षा जास्त, दोन पाळ्यांच्या मध्ये, किंवा संबंधानंतर रक्त, तर त्याच आठवड्यात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर दिसलेला एक डागसुद्धा, मग तो गुलाबी असो की तपकिरी. "पुन्हा पाळी सुरू झाली" म्हणून बायका खूश होतात, काही जणी तर देवीची कृपा मानतात. अशा दर १० बायकांत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि या टप्प्यावर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो.

सोनोग्राफीचा आकडाही समजून घ्या. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासायचा, हा नियम पाळी गेलेल्या आणि रक्त दिसलेल्या बाईसाठी आहे. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर पाळीआधी १० मिलिमीटर असणं हा आजार नव्हे. पण पंचेचाळिशीनंतर पाळी सतत बिघडलेली असेल, विशेषतः वजन जास्त, मधुमेह किंवा पूर्वी पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असेल, तर जाडी कितीही असो, तुकडा घ्यावाच. बारीक नळीनं ओपीडीतच होतं, पाच-दहा मिनिटांचं काम, पाळीसारखी कळ येते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात विचारा.

तुकडा स्वच्छ आला तर "पिशवी खराब झालीय, काढून टाका" यावर लगेच मान डोलवू नये. रक्तस्रावाच्या चार-पाच दिवसांपुरतं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, महिन्यातले ठराविक दिवस प्रोजेस्टेरॉन, किंवा ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली तांबीसारखी हार्मोनची टी, असे मार्ग आधी बघायचे. ही टी अस्तराला जागेवरच आवरते, म्हणजे गेलेल्या प्रोजेस्टेरॉनचं काम करते, आणि पाच वर्षं चालते.

लॅब_काउंटर

डॉक्टरांच्या मुद्द्याला लॅबकडून जोड देतो.

रिपोर्टवर एफएसएचच्या पुढे तीन-चार ओळींत रेंज छापलेली असते: पाळीनंतरचे दिवस, बीज फुटण्याचा दिवस, पाळीआधीचे दिवस, पाळी गेल्यानंतर. पेशंट आणि घरचे फक्त ठळक अक्षरातला आकडा बघतात. पाळी चालू असलेल्या बाईत सुरुवातीच्या दिवसांत एफएसएच साधारण ३ ते १० असतो, पण बीज फुटण्याच्या सुमाराला तो २० पर्यंत उडी घेतो. म्हणजे चौदाव्या दिवशी रक्त दिलं आणि २० आला तर घाबरण्यासारखं काही नसतं. पाळी गेल्यावर २५ पासून १३० पर्यंत काहीही येऊ शकतं, आणि १०० आला म्हणजे ४० आलेलीपेक्षा तब्येत वाईट असा अर्थ होत नाही.

म्हणून रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यावं. पाळीच येत नसेल तर कुठल्याही दिवशी द्या, पण फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहा. तो रकाना दहापैकी आठ जणी कोरा ठेवतात आणि मग रिपोर्ट वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागतं. एफएसएचसाठी उपाशीपोटी यायची गरज नाही.

गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी आणायच्या गोळ्या चालू असतील तर एफएसएच दबलेला येतो. तो आकडा निकामी.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. या वयात केस गळतात, मेडिकलमधून केस-नखांच्या गोळ्या आणल्या जातात, त्यात ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच मशीनमधल्या हार्मोनच्या चाचण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या पकडीवर चालतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की ती पकड बिघडते. मग टीएसएच आणि एफएसएच खोटे कमी दिसतात, इस्ट्राडिओल आणि टी-फोर (थायरॉईडचं हार्मोन) खोटे जास्त. टीएसएच कमी म्हणून थायरॉईडची गोळी कमी केली, आणि खरा दोष केसांच्या गोळीचा, असं होऊ शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि काउंटरवर सांगा.

दोन लॅबचे इस्ट्राडिओल ताडून बघताना एकक तपासा. एक लॅब पिकोग्रॅममध्ये देते, दुसरी पिकोमोलमध्ये. १ पिकोग्रॅम प्रति मिली म्हणजे ३.६७ पिकोमोल प्रति लिटर. शिवाय २० च्या खालचे आकडे नेहमीच्या मशीनवर फार विश्वासाचे नसतात. १२ आणि १८ यांत फरक शोधू नका.

महिला दिनाच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये एएमएच (उरलेल्या बीजांचा अंदाज देणारी चाचणी) घातलेलं असतं. ४५ च्या पुढे ते कमीच येणार. त्यापेक्षा तेच पैसे फेरिटिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिडला (रक्तातली चरबी) घाला. लिपिडला खास कारण आहे: शेवटच्या पाळीच्या आगेमागे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं, आहार तोच असला तरी. आधीचा आकडा हाताशी असेल तरच चढ कळतो.

करवीर_आरोग्यसखी

विहिरीची मोटर तशीच्या तशी उचलते. बायोटिनचं पहिल्यांदाच कळलं, आमच्या भागात केसांच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ आहेत.

गरम वाफांबद्दल कुणी लिहाल का? सासवा तांबड्या रश्श्याला दोष देतात, सुना थायरॉईडला.

स्त्रीरोग_ओपीडी

रश्श्यानं वाफ येत नाही, आलेली असते तिला धक्का मिळतो.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे. तिच्या शेजारच्या काही चेतापेशींवर एस्ट्रोजेनचा दाब असतो. एस्ट्रोजेन घटलं की त्या पेशी फुगतात आणि न्यूरोकायनिन बी जास्त सोडतात. एरवी शरीर थोडीफार उष्णता चालवून घेतं. आता ती सहनशक्ती एवढीशी होते. चुलीजवळ उभं राहणं, कडक चहा, झणझणीत रस्सा, बंद खोली, यांनी अंग जरा तापलं की मेंदू "फार तापलंय" असं धरून कातडीकडे रक्त सोडतो. छाती-मान-चेहरा लाल, घाम, छातीत धडधड, एक ते पाच मिनिटं. मग घाम वाळतो आणि हुडहुडी भरते. रात्री असं चार वेळा झालं की झोपेचे तुकडे होतात, आणि चिडचिड, विसरभोळेपणा यांतला मोठा वाटा त्या तुटलेल्या झोपेचा असतो.

किती वर्षं? अमेरिकेतल्या स्वान या मोठ्या पाहणीत त्रासदायक वाफांचा मधला काळ ७.४ वर्षं निघाला. "सहा महिन्यांत जाईल" असं सांगू नका.

घरगुती गोष्टी ठरवून करायच्या. आठ दिवस वाफेची वेळ आणि त्याआधी काय खाल्लं-केलं ते लिहायचं. ज्यांना रस्सा बाधतो त्यांनी रात्रीचा बंद करून दुपारी घ्यावा, पूर्ण सोडायची गरज नाही. झोपायला सुती कपडे, अंथरुणावर एका जाड चादरीऐवजी दोन पातळ, उशाशी गार पाणी. वजन कमी झालं तर वाफा कमी होतात, हे सिद्ध आहे. वजन न घटणाऱ्यांना फटकारू नका. एस्ट्रोजेन गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, त्यात त्यांचा आळस नसतो.

काम, झोप बिघडत असेल तर औषध. सगळ्यात परिणामकारक औषध एस्ट्रोजेनच. वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त. गोळी इस्ट्राडिओल व्हॅलरेट १ ते २ मिलिग्रॅम, किंवा कातडीवर लावायची जेल. वजन जास्त, बीपी, ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर जेल बरी, कारण गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच: रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातून १२ ते १४ रात्री २००. ते गाळलं तर नुसत्या एस्ट्रोजेननं अस्तर वाढत जातं आणि कर्करोगाचा धोका तयार होतो. "दुसरी गोळी महाग आहे म्हणून एकच घेते" ही चूक नेहमी सापडते.

स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, चालू असलेली कावीळ-यकृताचा आजार: यांना हे देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेनलाफॅक्सिन, रात्रीच्या वाफांसाठी गॅबापेन्टिन असे पर्याय आहेत. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगाचं औषध) चालू असलेल्या बाईला वाफांसाठी पॅरॉक्सेटिन मात्र नको. ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं.

हार्मोन म्हटलं की कर्करोग, ही भीती २००२ पासूनची. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीचा एस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) भाग त्या वर्षी मुदतीआधी थांबवला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. स्तनाचे कर्करोग दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जास्त निघाले. पिशवी नसलेल्या, नुसतं एस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ते वाढले नाहीत. हा आकडा बायकांना आहे तसा सांगावा, लपवू नये आणि फुगवूही नये. ठरवणं त्यांचं.

जिच्याबद्दल कुणी बोलत नाही ती तक्रार शेवटी लिहिते, पण पत्रकात वर घ्या. खालची आग, कोरडेपणा, संबंधात दुखणं, दोन-तीन महिन्यांनी लघवीचा संसर्ग. वाफा वर्षांनी ओसरतात. ही तक्रार आपोआप जात नाही, वाढतच जाते. एस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात साखर साठते, तिच्यावर चांगले जंतू जगतात आणि आम्लता राखतात. ती गेली की आतड्यातले जंतू सहज शिरकाव करतात. संसर्गासाठी दर वेळी अँटिबायोटिक देत राहण्यापेक्षा एस्ट्रिऑलची क्रीम आतून, ०.५ मिलिग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा. रक्तात जवळजवळ जात नाही, प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही. कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावं. डेटॉलच्या पाण्यानं आतून धुणं आजच बंद करा, त्यानं उरलेसुरले चांगले जंतूही मरतात.

औषध_काउंटर

नवरात्राच्या आधी आठ दिवस काउंटरवर सगळ्यात जास्त मागणी कशाची, तर नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. एक पान द्या, एवढंच बोलणं. म्हणून हे सविस्तर.

पद्धत अशी: पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा एक गोळी. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पंचविशीतल्या नियमित पाळीच्या मुलीला तारीख माहीत असते. ४७ व्या वर्षी तारीखच ठरलेली नाही, तर तीन दिवस आधी म्हणजे कधी? मग बायका घटस्थापनेपासून अंदाजानं सुरू करतात, मध्येच डाग दिसतो, गोळ्या दुप्पट करतात. आधीच साठलेलं जाड अस्तर गोळ्या थांबल्यावर एकदम सुटतं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

दुसरं, नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्याच एस्ट्रोजेनमध्ये. दिवसाला १५ मिलिग्रॅमवर तो मोजण्याइतका होतो. पूर्वी गुठळी झालेली, वजन खूप जास्त, बीपी आवाक्यात नाही, डोळ्यापुढे चमकून येणारी अर्धशिशी, किंवा वयाच्या पस्तिशीपुढे धूम्रपान, यांनी ही गोळी स्वतःहून घेऊ नये. त्यांना मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन देता येतं का ते डॉक्टर ठरवतील. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकाएकी दम लागला तर गोळी बंद आणि थेट इस्पितळ. ते दुखणं चालून आल्याचं म्हणून पाय चेपत बसू नये.

आणि वर्षभर पाळी नसलेल्या बाईला डाग दिसला म्हणून ही गोळी मागितली, तर देणाऱ्यानं देऊ नये. डाग थांबेल, कारण झाकलं जाईल.

चालू औषधांच्या गोंधळाबद्दल दोन शब्द. थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) सकाळी रिकाम्या पोटी, कॅल्शियम आणि लोह त्यानंतर चार तासांनी. कॅल्शियम आणि लोह एकत्र नको. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आतडं घेत नाही, म्हणून दोन गोळ्या एकदम गिळण्यात अर्थ नाही. एस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली की थायरॉक्सिन कमी पडू शकतं. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. जेलनं हे सहसा होत नाही.

जेल दंडावर किंवा मांडीवर, स्तनांवर कधीच नाही. पसरून लावायची, पाच मिनिटं वाळू द्यायची, तासभर धुवायची नाही, लगेच हात साबणानं धुवायचे. घरात लहान नातवंडं असतील तर लावलेली जागा कपड्यानं झाकलेली हवी. प्रोजेस्टेरॉननं झापड येते, म्हणून झोपतानाच. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर विचारून घ्या.

हाड_आणि_पथ्य

भाकरी-दूध पुरतं का, तर भाकरी कशाची त्यावर आहे. आपल्याकडे रोजची भाकरी ज्वारीची, आणि १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. नाचणीत ३५० च्या आसपास. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम धरतात. हिशेब असा मांडा: नाचणीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ, ३५०. म्हशीचं दूध दोन पेले मिळून ३०० मिली, ३६०. वाटीभर दही १८०. न सोललेले तीळ १० ग्रॅम, चटणीतून, १२०. मेथी किंवा राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी दीडशे-दोनशे. झाले साडेअकराशे-बाराशे. गोळी लागलीच तर उरलेल्या तुटीपुरती. चहातलं दूध या हिशेबात धरू नका, ते दोन घोट असतं.

हे एवढं का, तर एस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते गेल्यावर पहिल्या पाच ते सात वर्षांत हाडांचा २० टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो, आणि दुखत काहीच नाही. दुखतात ते सांधे, त्यामुळे बायका गुडघ्यांकडे बघत राहतात आणि मणका खचतो. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरनं कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढावा.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे, तीही जेवणानंतर, कारण ती तेलातुपासोबत शोषली जाते. पुढे महिन्याला एक. दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, शेवटी मूत्रपिंड.

रंकाळा तलावाभोवतीची फेरी हृदयाला आणि साखरेला उत्तम, हाडाला अपुरी. हाडाला ओझं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, असं तीनदा. भिंतीला धरून टाचा उचलणं १५ वेळा. भिंतीवर हात टेकून दंड काढल्यासारखं १० वेळा. आठवड्यातून तीन दिवस. पिशवी खाली सरकलेली असेल तर श्वास रोखून जोर लावायचा नाही.

शिबिरात टाचेवर मशीन लावून "हाडं ठिसूळ" अशी चिठ्ठी देतात. ते अल्ट्रासाउंड असतं, चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. निदान कमरेच्या आणि खुब्याच्या डेक्सावर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीवर. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. ६५ नंतर सगळ्यांनी, पण पाळी ४५ च्या आत गेली असेल, स्टेरॉइड चालू असतील, साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, अंगानं फारच बारीक असेल तर आधीच. आणि मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखूच, बायका ती व्यसनात धरत नाहीत. विचारताना "तंबाखू खाता का" असं विचारू नका, "मिश्री लावता का" असं विचारा.

करवीर_आरोग्यसखी

आता फक्त पिशवी काढलेल्यांचं राहिलं. आमच्या ऊसपट्ट्यात चाळिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बायका भेटतात. तोडीला बाहेरून येणाऱ्या टोळ्यांमध्ये तर जास्तच.

स्त्रीरोग_ओपीडी

तो प्रश्न जुना आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

तुम्ही करण्यासारखं पहिलं काम: डिस्चार्ज कार्ड आणायला सांगा. "पिशवी काढली" यावरून अंडाशय राहिले की गेले ते कळत नाही, आणि निम्म्या बायकांना ते सांगितलेलंच नसतं. कार्डावर नुसतं टीएएच किंवा व्हीएच असेल तर फक्त पिशवी. पुढे बीएसओ असेल तर दोन्ही अंडाशय गेले. यूएसओ म्हणजे एक राहिला. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत अंडाशय दिसतात का बघायचं.

बीएसओ झालं असेल तर एस्ट्रोजेन दोन-चार दिवसांत तळाला जातं, विहीर हळूहळू आटण्याची सवडच नाही. वाफा जोरात, हाड आणि हृदयाचं नुकसान लवकर. अशा बाईचं वय ४५ च्या आत असेल आणि वर सांगितलेला कुठला आजार नसेल, तर निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, एस्ट्रोजेन द्यायला हवं. पिशवी नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन लागत नाही. एंडोमेट्रिओसिस असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील. तिला २००२ च्या चाचणीची भीती घालणं चूक आहे, कारण तिला मिळतंय ते जास्तीचं नाही, त्या वयात असायला हवं होतं तेवढंच.

अंडाशय राहिले असतील तर ते काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळी नसल्यानं १२ महिन्यांची कसोटी लागू होत नाही. इथं एफएसएच खरंच उपयोगी पडतो. पन्नाशीच्या आत वाफा, झोपमोड, खाली कोरडेपणा सुरू झाला तर सहा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करा. दोन्ही ३०-४० च्या वर असतील तर पाळी गेली असं धरून हाडांचा हिशेब सुरू करा.

करवीर_आरोग्यसखी

कार्डावरची अक्षरं पत्रकात चौकटीत घालते. मागच्या पानावर बायकांनी भरायचा तक्ता आहे: तारीख, किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी, वाफा. आणखी काय हवं?

लॅब_काउंटर

"चालू गोळ्या" असा रकाना हवाच, आणि त्यात केसांच्या गोळ्या, पुड्या, काढे, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सगळं लिहायला सांगा. बायका त्यांना औषध धरत नाहीत.

स्त्रीरोग_ओपीडी

सगळ्यात वर मोठ्या चौकटीत "शेवटच्या पाळीची तारीख" ठेवा. बहुतेकींच्या घरी कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला पेननं ठिपका दिलेला असतोच. जुनं कॅलेंडर दिवाळीनंतर रद्दीत देऊ नका, दवाखान्यात येताना गुंडाळून घेऊन या, एवढं सत्रात सांगा. पॅडऐवजी कापड वापरणाऱ्यांसाठी "दिवसाला किती घड्या बदलल्या" अशी ओळ घाला, नाहीतर तो रकाना कोराच राहील.